हामामात्सूची धाकटी गाडी

तोक्योहून क्योतोकडे जाणाऱ्या जुन्या तोकाइदो राजमार्गावर, पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यालगत, हामामात्सू नावाचे एक नगर आहे. आरंभी कापूस आणि कापड, पुढे यामाहाची वाद्ये आणि त्यानंतर स्वयंचलित दुचाकी अशी या नगराच्या उद्योगाची वंशावळ सांगता येते. आणि ज्या मिचिओ सुझुकी या गृहस्थांच्या आडनावाने आज आशिया, आफ्रिका आणि युरोप या खंडांत लक्षावधी लहान मोटारी धावत आहेत, त्यांनी १९०९ साली याच नगरात जो कारखाना उघडला, तो मोटारींचा नव्हे, मागांचा होता. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी जन्मून सुताराच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या या मनुष्याच्या हाताला असा काही गुण होता, की त्याच्या मागांची कीर्ती जपानच्या बाहेर पोहोचली आणि आग्नेय आशियातील सारोंग विणणाऱ्यांनीही ते मागवून घेतले. सुझुकीचे पहिले परदेशी गिऱ्हाईक मोटारीत बसणारे नव्हते, मागावर बसणारे होते. पुढे महायुद्ध झाले, कापडाचा धंदा मंदावला, आणि १९५२ साली सायकलीला इंजिन जोडून या घराण्याने चाकांच्या व्यवसायात पाऊल टाकले.

युद्धाने होरपळलेल्या जपानात सामान्य माणसाला मोटार परवडावी, म्हणून सरकारने ‘केई’ नावाची एक स्वतंत्र वर्गवारी निर्माण केली होती. गाडीची लांबी तीन मीटर, रुंदी एक मीटर तीस सेंटिमीटर, आणि १९५५च्या सुमारास ठरल्याप्रमाणे इंजिन ३६० घन सेंटिमीटर, या मर्यादांच्या आत जी गाडी बसेल तिला करात आणि परवान्यांच्या कटकटीत सवलत मिळे. त्याच वर्षी सुझुकीची ‘सुझुलाइट’ रस्त्यावर आली. जर्मनीतील लॉइड मोटारीचा धडा पुढ्यात ठेवून ती बांधली होती, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. शिकणारा कोणाकडून शिकला यापेक्षा शिकून त्याने काय केले, हेच इतिहासात मोजले जाते. लहान मोटार ही यंत्रशास्त्राची जितकी, तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, महसूल खात्याची संतती आहे, असे माझे मत आहे. आणि सुझुकीचा परदेशांतील सारा इतिहास म्हणजे कोठल्या देशाच्या कायद्यात कोठे फट आहे आणि त्या फटीतून केवढी गाडी आत शिरू शकते, याच्या शोधाचा इतिहास आहे.

या शोधाचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. १९७० साली सुझुकीने ‘जिम्नी’ नावाची डोंगरवाटा तुडविणारी गाडी विक्रीस काढली. होप मोटर नामक एका छोट्या जपानी कारखान्याने तिचा मूळ नमुना बांधला होता. त्याचे हक्क सुझुकीने विकत घेतले आणि आपले ३५९ घन सेंटिमीटरचे इंजिन त्यात बसविले. अडचण आली ती स्टेपनीची. असल्या गाडीची स्टेपनी मागल्या बाजूस टांगण्याची रीत. परंतु तशी ती टांगावी तर लांबी तीन मीटरच्या पुढे जाणार आणि केईची सनद हातची जाणार. कारागिरांनी स्टेपनी उचलून आत घेतली, मागच्या एका आसनाची जागा तिला दिली, आणि चौघांची गाडी तिघांची केली. तीन माणसे आणि एक चाक अशी ती चौकडी जपानच्या अरण्यांतून हिंडू लागली. पुढे तिला मोठे इंजिन मिळाल्यावर ती ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्यांच्या आणि युरोपातील हौशी तरुणांच्या हाती गेली, तेव्हा तिला पाहून लोक प्रथम हसत आणि मग चिखलात रुतलेली आपली मोठी गाडी तिच्याकडून ओढून घेत.

१९७८ साली ओसामु सुझुकी यांच्याकडे कंपनीचे अध्यक्षपद आले. हे जन्माने सुझुकी नव्हेत. गिफू प्रांतातल्या मात्सुदा कुटुंबात ते जन्मले, मिचिओंच्या नातीशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांनी सासरचे नाव धारण केले. आपल्याकडे घरजावई म्हटला की कुचेष्टेला ऊत येतो. जपानी व्यापारी घराण्यांत मात्र कर्तबगार जावई दत्तक घेऊन पेढी त्याच्या स्वाधीन करणे ही प्रतिष्ठित रीत आहे, आणि औरस पुत्राच्या नालायकीने बुडालेल्या आपल्याकडील पेढ्यांची आठवण झाली म्हणजे ती रीत शहाणपणाची वाटू लागते. ओसामुंनी दुसऱ्याच वर्षी ‘आल्टो’ काढली, तिची किंमत ४ लाख ७० हजार येन ठेवली आणि कागदोपत्री तिची नोंद प्रवासी मोटार म्हणून न करता मालवाहू गाडी म्हणून केली, कारण प्रवासी मोटारीवर वस्तुकर होता आणि मालवाहू गाडीवर नव्हता. मागील आसन नावापुरते राहिले. परंतु बाजारहाटाला जाणाऱ्या गृहिणीला मागे बसवायचे तरी कोणाला? गाडी धडाक्याने खपली. तथापि टोयोटा आणि निसान यांच्या देशात आपण कायम खालच्या पंक्तीला राहणार, हे ओसामु ओळखून होते. जगाच्या पाठीवर कोठे तरी, मग तो देश कितीही गरीब का असेना, आपला क्रमांक पहिला असावा, ही त्यांची आकांक्षा होती, आणि ती त्यांनी कधी लपवून ठेवली नाही.

वास्तविक त्या काळात जपानी मोटारवाल्याने परदेश म्हटले की अमेरिकाच समजावी, अशी परिस्थिती होती. केई गाडीचा तेथील अनुभव मात्र शुभ नव्हता. १९६८च्या सुमारास सुबारूची ३६० घन सेंटिमीटरची चिमुकली मोटार अमेरिकेत गेली, ती हजार पौंडांहून हलकी असल्यामुळे सुरक्षिततेच्या संघराज्यीय नियमांतून निसटली, आणि ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने ‘अस्वीकार्य’ असा शेरा मारून तिची वाट अडविली. सुझुकी या बाजारात उतरली तेव्हा आणखी एक खोडा आला होता. १९८१ साली अमेरिकेच्या दडपणाखाली जपानने आपल्या मोटारींची निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजारांवर आणून ठेवली, आणि त्या कोट्याची वाटणी पूर्वीच्या विक्रीच्या प्रमाणात झाल्यामुळे, जिने अमेरिकेत आजवर मोटार विकलीच नव्हती तिच्या पदरी मूठभरच गाड्या पडल्या. याच वर्षी जनरल मोटर्सने सुझुकीचे पाच टक्क्यांहून थोडे अधिक भाग विकत घेतले. लहान गाडी बांधण्याचा अमेरिकन कंपनीला कंटाळा आणि ती विकण्याला जपानी कंपनीकडे दुकान नाही, अशी दोघांची गरज जुळली आणि सुझुकीची मोटार शेव्हरोले स्प्रिंट या परक्या नावाने अमेरिकेत आली. पुढे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात इंगरसोल येथे दोघांच्या भागीदारीत कारखानाही उभा राहिला.

स्वतःच्या नावाने सुझुकीने अमेरिकेत पाठविली ती जिम्नीचीच थोरली बहीण. ‘सामुराय’ हे नाव घेऊन ती १९८५च्या अखेरीस कॅलिफोर्नियात उतरली. सहा-साडेसहा हजार डॉलर किंमत, उघडे टप, चारही चाकांना बळ देणारी यंत्रणा. समुद्रकिनारी भटकणाऱ्या तरुण पिढीला ती इतकी भावली, की पहिल्या वर्षी सुमारे ४७ हजार गाड्या खपल्या. आणि मग १९८८च्या जुलैत तेच मासिक पुन्हा आडवे आले. अडथळा चुकविण्याच्या चाचणीत गाडी एका बाजूच्या दोन चाकांवर उचलली गेल्याची चित्रे त्याने प्रसिद्ध केली आणि पुन्हा तोच शेरा मारला: अस्वीकार्य. ती चित्रे दूरचित्रवाणीवरून घरोघर गेली. गाडी उंच, अरुंद आणि आखूड होती ही गोष्ट खरी. परंतु सरकारच्या महामार्ग सुरक्षा खात्याने गाडी परत बोलाविण्याची मागणी फेटाळली हेही तितकेच खरे. गिऱ्हाईक मात्र खात्याचे अहवाल वाचत नाही, चित्रे पाहते. विक्री कोसळली ती सावरली नाही.

सुझुकीने फिर्याद गुदरली ती १९९६ साली, म्हणजे गाडीचा अमेरिकेतील बाजार उठल्यावर. चाचणीची वाट मुद्दाम बदलून गाडी कलंडेल अशी तजवीज केली, असा तिचा आरोप होता. आम्ही निःपक्षपातीपणे चाचणी केली, असे मासिकाचे उत्तर. खालच्या न्यायालयात दावा निघाला, वरच्या न्यायालयात तो पुन्हा उभा राहिला, सर्वोच्च न्यायालयाने हात घालण्याचे नाकारले, आणि २००४ साली एक डॉलरही इकडचा तिकडे न होता उभयपक्षी तडजोड झाली. नेहमीच्या वापरात ही गाडी सहज उलटते असे सुचविण्याचा आमचा हेतू नव्हता, एवढे मासिकाने मान्य केले. सोळा वर्षांनंतर मिळालेल्या या कबुलीचा उपयोग इतिहासकाराला होईल, विक्रेत्याला झाला नाही.

अमेरिकेतील त्यानंतरची कथा थोडक्यात संपविण्याजोगी आहे. दक्षिण कोरियाच्या देवू कारखान्यात तयार झालेल्या मोटारींवर आपले नाव डकवून विकण्यापर्यंत सुझुकीची मजल गेली; २००७ साली विक्री एक लाखाच्या वर चढली, पण दुसऱ्याच्या मालावर मिळविलेली ती चढती कमान आर्थिक मंदीच्या पहिल्या तडाख्यात मोडली, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकन सुझुकीने दिवाळखोरीचा अर्ज करून मोटारींचा व्यवहार आटोपता घेतला. जनरल मोटर्सने आपले शेवटचे भाग २००८ मध्येच विकून टाकले होते. बड्यांच्या पंक्तीत बसायला मिळाले म्हणजे पोट भरतेच असे नाही.

आता भारताकडे वळू. १९८०च्या सुमारास भारतात वर्षाला जेमतेम चाळीस हजार मोटारी खपत, आणि त्याही कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी किंवा कलकत्त्यानजीकच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा त्यातील शिरस्ता. केंद्र सरकारने १९८१ साली मारुती उद्योग ही कंपनी स्थापन केली आणि परदेशी भागीदाराचा शोध सुरू झाला, तेव्हा नामांकित कंपन्यांनी या गरीब, परवाना-परमिटांनी जखडलेल्या मुलखाकडे पाहून नाके मुरडली. ओसामु सुझुकी मात्र मारुतीच्या व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव यांच्याशी बोलणी करायला जातीने बसले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी करार झाला. सुझुकीने २६ टक्के भाग घेतले, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या कारखान्यातील पहिल्या मारुती ८००ची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीच्या एका नागरिकाच्या हाती ठेवली. गाडीपेक्षाही नवलाची होती ती कारखान्यातली राहणी: साहेबाला आणि मजुराला एकच गणवेष, एकच भोजनगृह, पंक्तिप्रपंच नाही आणि सकाळी सर्वांनी मिळून व्यायाम. जातिभेद आणि हुद्देभेद यांच्या उतरंडीत वाढलेल्या आपल्या समाजाला ही गोष्ट आठशे घन सेंटिमीटरच्या इंजिनापेक्षा पचायला जड होती.

या भागीदारीवर सोन्याचे पाणी चढविण्याचे कारण नाही. भाग २६ वरून ४०, १९९२ साली ५० टक्के, असे वाढत गेले तसतसा खरा मालक कोण हा प्रश्न चिघळत गेला. १९९७ साली सरकारने नेमलेल्या व्यवस्थापकीय संचालकाला सुझुकीने विरोध केला आणि प्रकरण लवादापर्यंत गेले. २००२ साली बहुसंख्य भाग सुझुकीच्या हाती आले. २०१२च्या जुलैत मानेसर येथील मारुतीच्या कारखान्यात झालेल्या दंग्यात एका व्यवस्थापकाचा मृत्यू झाला आणि कारखान्याला महिनाभर टाळे लागले. एका भोजनगृहात जेवल्याने कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यातील वेतनाची दरी बुजत नाही, हे त्या वेळी उघड झाले. कुर्ल्यातील प्रीमियरची गोष्टही येथेच सांगून टाकावी: वालचंद हिराचंद यांनी मोठ्या जिद्दीने उभारलेल्या त्या उद्योगाची पद्मिनी विसावे शतक सरता सरता बंद झाली, आणि मुंबईच्या टॅक्सीतळांवर तिचे अवशेष तेवढे काही काळ दिसत राहिले.

सीमेपलीकडे कराचीत, पाकिस्तान सरकारच्या भागीदारीने, जवळजवळ याच काळात पाक सुझुकी उभी राहिली. तिची ‘मेहरान’ ही मोटार म्हणजे आपल्या मारुती ८००चीच सख्खी जुळी बहीण. एकाच आल्टोच्या सांगाड्यावर दोघींची बांधणी. भारतात ८००ची निर्मिती २०१४ साली थांबली, मेहरान २०१९पर्यंत चालली, आणि इतकी वर्षे दोन्ही देशांतील कारकून, शिक्षक व दुकानदार एकमेकांच्या नावाने बोटे मोडीत, एकाच घडणीच्या गाडीत, एकाच तऱ्हेने गुडघे आखडून बसून कामावर जात होते.

परंतु सुझुकीच्या हिकमतीचा सर्वांत सुंदर नमुना पाहायचा तर डॅन्यूबकाठी गेले पाहिजे. साम्यवादी गटातील श्रमविभागणीत हंगेरीच्या वाट्याला बसगाड्या आल्या होत्या. इकारुसच्या बस अर्ध्या जगात धावत, पण प्रवासी मोटार मात्र रशिया, पूर्व जर्मनी अशा भावंड राष्ट्रांकडून यायची आणि तिच्यासाठी गिऱ्हाइकाने वर्षे मोजायची. १९८७ साली भारतातून मारुतीच्या ५०० मोटारी हंगेरीला गेल्या, ही मारुतीची पहिली मोठी निर्यात. पुढे राजवट कोसळली आणि १९९१च्या एप्रिलमध्ये एस्तरगोम येथे माज्यार सुझुकी ही कंपनी स्थापन झाली. एस्तरगोम ही हंगेरीची प्राचीन राजधानी, देशातील सर्वांत मोठी बॅसिलिका येथे आहे, आणि नदीच्या पैलतीरी स्लोव्हाकियाचा मुलूख सुरू होतो. १९९२च्या ऑक्टोबरात पहिली स्विफ्ट बाहेर पडली, आणि ‘आपली गाडी’ या अर्थाची घोषणा देऊन सुझुकीने ती हंगेरियन जनतेच्या गळी उतरविली. गाडी जपानी, घोषणा हंगेरियन, आणि हेतू निखळ व्यवहारी: युरोपीय बाजारात जकातीविना शिरायचे तर गाडीचा मोठा हिस्सा युरोपात घडलेला असावा लागे, म्हणून सुट्या भागांचे कारखाने हंगेरीतच उभे करणे भाग होते. १९४४ साली जर्मन सैन्याने माघार घेताना उडविलेला डॅन्यूबवरचा मारिया व्हालेरिया पूल २००१ साली पुन्हा बांधला गेला आणि स्लोव्हाकियातील कामगार त्यावरून पाळीला येऊ लागले.

जकातीचा हाच हिशेब स्पेनमध्ये आधी करून पाहिलेला होता. इटली, फ्रान्स या देशांनी जपानी मोटारींवर कडक मर्यादा घातल्या असताना, अँडालुसियातील लिनारेस या खाणगावी सान्ताना कंपनीत १९८५पासून सुझुकीच्या जीप तयार होऊ लागल्या आणि स्पॅनिश दाखल्यावर युरोपभर फिरल्या. पण तेथे कंपनी तोट्यात गेली, कामगारांनी संप केले, आणि १९९५ साली सुझुकीने हिस्सेदारीतून अंग काढून घेतले. स्थानिक सरकारने कारखाना काही वर्षे चालविला. २०११ साली तो बंद झाला. चीनमध्येही २०१८ साली हेच झाले: पैसा येताच चिनी गिऱ्हाइकाला मोठी गाडी हवीशी झाली आणि सुझुकीने आपला पन्नास टक्के हिस्सा चांगआन या भागीदार कंपनीला एका युआनच्या नाममात्र मोलाने सोडून दिला.

युरोपातील एका बड्या घरोब्याचा उल्लेख केल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. २००९च्या डिसेंबरात फोक्सवॅगनने सुमारे २२ हजार कोटी येन मोजून सुझुकीचे १९.९ टक्के भाग घेतले. सुझुकीला तंत्रज्ञान हवे होते, फोक्सवॅगनला भारत हवा होता. पण जर्मन कंपनीने आपल्या वार्षिक अहवालात सुझुकीवर आपला प्रभाव चालतो अशा आशयाची नोंद केली आणि हामामात्सूत ठिणगी पडली. मांडलिक म्हणून राहण्यासाठी ओसामुंनी हा तह केला नव्हता. सुझुकीने फियाटकडून डिझेल इंजिने घेतली, त्यावर फोक्सवॅगनने करारभंगाची ओरड केली. लवादाचा निकाल २०१५च्या ऑगस्टमध्ये लागला आणि सुझुकीने आपले भाग सुमारे ४६ हजार कोटी येनांना परत घेतले. स्वातंत्र्याला दुप्पट किंमत पडली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या मित्रापासून मिळालेली सुटका पाहता ती जास्त नव्हती, असेच मी म्हणेन. त्यानंतर टोयोटाशी सोयरीक करताना तिला पाच टक्क्यांच्या आतच, ४.९४ टक्क्यांवर, थोपवून धरण्यात आले.

कायद्याशी चाललेला लपंडाव अद्याप संपलेला नाही. युरोपात धुराच्या प्रमाणावर नवे दंड बसले तेव्हा जिम्नी प्रवासी मोटार म्हणून विकणे परवडेना. सुझुकीने तिची मागील आसने काढून टाकली, दोन माणसांची मालवाहू गाडी म्हणून नोंद केली आणि विक्री चालू ठेवली. ओसामु सुझुकी २०२४च्या नाताळात, वयाची पंचाण्णव वर्षे पूर्ण होण्यास अवघा महिना राहिला असताना, निवर्तले. दुसऱ्याच महिन्यात गुडगावात तयार झालेली पाच दारांची जिम्नी जपानमध्ये विक्रीस जाहीर झाली. महिन्याला १२०० गाड्या खपतील असा कंपनीचा अंदाज होता. चार-पाच दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्या आणि नोंदणी थांबवावी लागली.

हे यश डोळे दिपविणारे असले तरी त्याच्या आड एक जोखीम आहे. आज सुझुकीच्या जगभरच्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक एकट्या भारतात खपतात. सुझुकी जिंकली ती जेथे कुटुंब आयुष्यातील पहिली मोटार घेत होते तेथे, आणि हरली ती जेथे त्याच कुटुंबाला दुसरी, मोठी मोटार घेण्याची ऐपत आली तेथे. आणि भारतातही गिऱ्हाईक आता मोठ्या गाडीकडे वळू लागले आहे. ज्या बाजारात तिचा वाटा एके काळी अर्ध्याच्या आसपास होता, तेथे तो अलीकडे चाळीस टक्क्यांच्या जवळ आला. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने चार मीटरच्या आतील, लहान इंजिनाच्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. त्याच्या आदल्याच महिन्यात गुजरातेतील हंसलपूरहून सुझुकीची पहिली विजेवरची मोटार युरोपकडे रवाना झाली होती, आणि तिची लांबी चार मीटरहून अधिक आहे.